बिनखिशाचा शर्ट

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. आमचा धंदा लिफ्टच्या देखभालीचा, आणि मास्तर तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक. नव्या माणसाला काम तेच शिकवतात म्हणून मास्तर. कंपनी बाबांनी काढली, बाबांनंतर दादा चालवतो, आणि मी दादाची धाकटी बहीण असल्यामुळे ऑफिसातलं जे काम कुणालाच नको असतं ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. माझं वय सेहेचाळीस. मास्तर मला अजून बेबी म्हणतात, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

बाबांनी त्यांना कामावर घेतलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि बाबांच्या टेबलाखाली बसून खडूने फरशी रंगवत होते. बाबा म्हणाले, "उद्यापासून या. आणि चपला घालून येऊ नका, बूट घाला." झालं. एवढ्या दोन वाक्यांवर तो माणूस एकोणचाळीस वर्षं काम करतोय. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं. अकरा माणसं, आणि एकाच्याही नेमणुकीचा कागद नाही. विचारलंच कुणी, तर दादा म्हणायचा, "आपल्यात कसला आलाय कागद!"

मास्तरांचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की लोकांना वाटेल ही पहिल्यापासूनच त्यांच्या बाजूची. मुळीच नाही. एक गोष्ट तीनदा विचारतील. फोन उचलणार नाहीत. कामाचा रिपोर्ट लिहायला दिला तर 'झाले' एवढं लिहून सही ठोकतील. आणि त्यांचा तो खिसा!

लिफ्टच्या खाली, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. त्यात उतरून काम करत असताना लिफ्ट वरून खाली आली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून उतरायच्या आधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं आणि मेन स्विचमधला फ्यूज उपसून काढायचा. जुन्या इमारतींत अजून ते चिनी मातीचे, मुठीएवढे फ्यूज आहेत. इथपर्यंत सगळे मेकॅनिक करतातच. मास्तरांनी आमच्याकडे पुढची एक रीत घालून दिली. काढलेला फ्यूज तिथे ठेवायचा नाही, स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचा, वरून बटण लावायचं, आणि मग खाली उतरायचं. "खाली मी उतरणार, तर फ्यूज माझ्याजवळ," म्हणायचे. "दुसरा कुणी कितीही शहाणा असू दे."

रीत चांगली. पण काम आटोपल्यावर फ्यूज खिशातच विसरून मास्तर घरी जायचे, त्याचं काय? वर्षातून दोनदा तरी हे व्हायचंच. मग त्या इमारतीतल्या माणसांचे फोन मला. कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचंय, कुणाचं कपाट खाली अडकलंय, आणि लिफ्टचा फ्यूज मास्तरांच्या खिशात, मास्तर घरी, फोन बंद. शिव्या खायला मी. दुसऱ्या दिवशी मास्तर येऊन खिशावर हात ठेवणार आणि म्हणणार, "अरेच्चा!"

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी दादाला एक मोठं गिऱ्हाईक मिळायची वेळ आली. बेचाळीस इमारतींची व्यवस्था बघणारी कंपनी. त्यांचा अधिकारी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "तुमच्या प्रत्येक माणसाचा सही केलेला करारनामा आमच्या फाईलला लागेल. नवा असो वा जुना. ज्याचा नाही त्याला आमच्या गेटातून आत सोडणार नाही." तिथे घोडं अडलं.

करारनाम्यात काय काय घालायचं असतं ते दादाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. वकिलाकडे जाऊ म्हटलं तर वहिनी मध्ये पडली. "वकील कशाला? आमच्या भावाकडे तयार आहे की. त्याच्याकडे तीस माणसं आहेत." वहिनीच्या भावाचं दागिन्यांचं दुकान आहे. मोठं, काचेचं, आत गारेगार. तिथल्या विक्रेत्यांसाठी बनवलेला अकरा पानांचा करार संध्याकाळपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर हजर.

मी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. कर्मचाऱ्याने नखं कापलेली असावीत. कर्मचाऱ्याने ग्राहकाचं हसतमुखाने स्वागत करावं. कर्मचाऱ्याने दागिना ग्राहकाच्या हातात देताना मखमली तबकातूनच द्यावा. मी दादाला म्हटलं, "अरे, आपली माणसं ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालतात. नखं कसली कापतोस?"

"तेवढं काढ," दादा म्हणाला. "बाकी ठेव. दागिना असेल तिथे सुटा भाग कर. उद्या सकाळी पाहिजे."

मी तबक काढलं, मखमल काढली, हसतमुख स्वागत काढलं. उरलेल्या मजकुरात 'दागिना' हा शब्द सदुसष्ट वेळा होता. एक बटण दाबलं आणि सदुसष्टच्या सदुसष्ट दागिन्यांचे सुटे भाग झाले. त्यात चौदावं कलम असं तयार झालं: 'कामाच्या वेळेत कंपनीचा वा ग्राहकाचा कोणताही सुटा भाग कर्मचाऱ्याने कोणत्याही कारणास्तव स्वतःच्या खिशात ठेवू नये. तसे आढळल्यास तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल.'

मला ते दिसलं नाही असं नाही. दिसलं. त्याच आठवड्यात मास्तर एका तीन मजली इमारतीचा फ्यूज घरी घेऊन गेले होते आणि मी दिवसभर बोलणी खाल्ली होती. मनात म्हटलं, बरं झालं, कागदावर आलं ते. दादाला दाखवलं तर तोही खूश. "बघ! हेच पाहिजे होतं." एवढ्यावर थांबला असता तर तो दादा कसला! मेहुण्याच्याच शिंप्याकडून त्याने कंपनीसाठी शर्टही शिवून आणले. निळे, पाठीवर कंपनीचं नाव. दागिन्यांच्या दुकानातल्या शर्टांना खिसे नसतात, म्हणून आमच्याही शर्टांना नाहीत.

नऊ जणांनी करारावर न वाचता सह्या केल्या. दहाव्याने 'कुठे?' एवढंच विचारलं. मास्तर मात्र ती अकरा पानं डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेले, दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावून वाचत बसले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बेबी, यात काम कुठंय?"

"म्हणजे?"

"कर्मचाऱ्याने हे करावं, कर्मचाऱ्याने ते करू नये. आपलं काम काय, ते कुठं लिहिलंय?" त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "नव्या माणसाला किती दिवस एकट्याला पाठवायचं नाही? नाही लिहिलेलं. खड्ड्यात पाणी असेल आणि माणूस म्हणाला मी नाही उतरत, तर त्याला परत यायची मुभा आहे का? नाही लिहिलेलं. कुणाला लागलं तर घरी कोण कळवणार? तेही नाही. आणि हे चौदावं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुमच्याच प्रतापातून," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "फ्यूज विसरतो, ते चुकतं माझं. ओरड मला. पण हे काढ, आणि याच्या जागी फ्यूजचं एक वाक्य घाल. एकच. मग मी सही करतो."

मी दादाकडे गेले. खरंच गेले. दादा फोनवर होता, फोनवरूनच हाताने 'नंतर' अशी खूण केली. नंतर म्हणाला, "मास्तरांना सांग, हा कायद्याचा कागद आहे. त्यात फ्यूज-बिज येत नाही. ते तोंडी सांगायचं असतं." मी म्हटलं, "मग निदान चौदावं तरी काढू." तर म्हणाला, "त्या लोकांना कराराची प्रत गेलीय. आता एक अक्षर बदलायचं नाही." मी वाद घातला का? थोडासा. कामं पडली होती, बिलं जायची होती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्या हट्टाचाही वैताग आला होता. एकटा माणूस सगळ्यांना वेठीला धरतो! मी हात झटकले आणि जागेवर येऊन बसले.

मास्तरांनी सही केली नाही. मोठ्या गिऱ्हाइकाच्या बेचाळीस इमारती त्यांना बंद झाल्या. उरल्या आमच्या जुन्या इमारती. तिथे ते स्वतःचा खाकी शर्ट घालून जात राहिले.

त्याच महिन्यात वायरमनबाई आल्या. अडतीस वर्षांच्या, दोन मुलींची आई. आधी एका दवाखान्यात विजेचं काम करायच्या. तिथे नऊ वर्षं केली, आणि एक दिवस नवा व्यवस्थापक म्हणाला, तुम्ही इथे कामाला होता याचा कागद कुठंय? नव्हता. घरी बसवलं. त्यामुळे मी करार पुढे केला तेव्हा बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. अख्खा वाचला, माझ्यासमोर बसून, चहा गार होईपर्यंत. "ताई, पहिल्यांदाच कुणी तरी मला लिहून दिलंय," म्हणाल्या. मला उगाचच बरं वाटलं. निळा शर्टही त्यांना नीट बसला.

दादाने त्यांना मास्तरांच्या हाताखाली दिलं. पाच दिवस सगळं उत्तम. मास्तर म्हणाले, "हात चांगला आहे. प्रश्न फार विचारतात, पण चांगले विचारतात." मास्तरांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मी ऐकलेलं नाही.

सहाव्या दिवशी एका सात मजली जुन्या इमारतीत काम होतं. लिफ्ट तळाला आपटू नये म्हणून खड्ड्यात असतात त्या दोन स्प्रिंगा साफ करायच्या होत्या. मास्तर बाईंना म्हणाले, "वर जा, फ्यूज काढा आणि खिशात टाका. आलात की मी उतरतो." बाई वर गेल्या. फ्यूज काढला. निळ्या शर्टाला खिसा नव्हता. पँटच्या खिशात टाकता आला असता, पण चौदावं कलम त्यांना पाठ होतं, आणि नोकरीचा तो सहावा दिवस होता. दवाखान्यात करायच्या तसा त्यांनी फ्यूज स्विचच्या पेटीवर नीट ठेवला, शेजारी 'काम चालू आहे' असं पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, दार ओढून घेतलं आणि सात मजले उतरून खाली आल्या. "काढला?" मास्तरांनी विचारलं. "काढला," बाई म्हणाल्या. मास्तर उतरले. कुठे ठेवला, हे विचारलं नाही, कारण एकोणचाळीस वर्षांत आमच्याकडे हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ स्वतःला अर्धे इंजिनियर समजतात. त्यांच्याकडे कपडे धुण्याचं मशीन यायचं होतं. ते गच्चीवर गेले, फ्यूज पाहिला, पुठ्ठा पाहिला, आजूबाजूला कुणी दिसलं नाही, तेव्हा कामगार जेवायला गेले असतील असं ठरवून त्यांनी फ्यूज जागेवर बसवला आणि लिफ्ट तळमजल्यावर पाठवायचं बटण दाबलं.

लिफ्टच्या मशीनचा ब्रेक सुटतो तेव्हा वर एक टक असा आवाज होतो. सात मजल्यांखाली तो ऐकू येतो असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मास्तरांना आला. हातातला ब्रश टाकून ते तेलकट पाण्यात पालथे पडले, दोन स्प्रिंगांच्या मधल्या जागेत. लिफ्ट आली आणि त्यांच्या पाठीवर वीतभर अंतर ठेवून थांबली. खाली सरकलेला कुठला तरी लोखंडी कोपरा शर्ट फाडून खांद्याला लागला. बाई दारातून ओरडत होत्या आणि खालून उत्तर येत नव्हतं. तोंड पाण्यात होतं, मास्तर बोलणार कसे?

त्यांना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. खांद्याला नऊ टाके. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी कामावर जायला हरकत नाही.

बातमी आली तेव्हा मी बिलं लिहीत होते. ती तशीच टाकून मी दादाकडे धावले. दादाच्याही तोंडचं पाणी पळालं, पण नऊ टाक्यांवर निभावलं हे कळल्यावर ते लगेच परतही आलं. संध्याकाळी त्याने बाईंना बोलावलं. बाई उभ्याच राहिल्या.

"फ्यूज खिशात टाका असं मास्तरांनी सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

बाईंनी पिशवीतून करार काढला. घड्या पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला. "साहेब, यात ठेवू नका असं लिहिलंय. तुमची सही आहे खाली."

दादाने ते कलम असं वाचलं, जसं काही पहिल्यांदाच बघतोय. मग म्हणाला, "माणसाने थोडं डोकंही वापरायचं असतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "कुणी वापरायचं? ते मी टाइप केलंय, दादा. तू बघ म्हणालास, हेच पाहिजे होतं. मास्तर काढा म्हणत होते. आपण तिघं सोडून सगळ्यांनी डोकं वापरायचं, नाही का? मी, तू आणि तुझा मेहुणा!"

"तू आवाज खाली कर," दादा म्हणाला. "सोमवारपासून बाई नकोत. मास्तर बरे झाले की त्यांना दुसरं कुणी देऊ. आणि मास्तरांचं ते एक वाक्य घालून टाक करारात, म्हणजे मिटलं." मिटलं म्हणे! बाईंनी करार पुन्हा कव्हरात घातला आणि गेल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन मास्तरांच्या घरी गेले. जन्म लिफ्टमध्ये गेला, आणि राहतात बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते, खांदा बांधलेला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला खुर्ची दिली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी सगळं सांगितलं. चौदावं कलम मीच तसं होऊ दिलं, तेही सांगितलं. "मला माफ करा" असं म्हणायचं होतं, पण त्याऐवजी वही उघडून बसले.

"बाईंना काढतोय तो?"

"हो. पण तुमचं वाक्य घालायला तयार झालाय. तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत लिहिते."

"लिही," मास्तर म्हणाले. "खड्ड्यात ज्याने उतरायचं, त्यानेच फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. काढायला दुसऱ्याला पाठवायचं नाही."

मी लिहिलं, आणि लिहिता लिहिता थांबले. "पण मास्तर, तुम्ही तर बाईंना पाठवलंत."

"हो."

"का?"

मास्तर खिडकीकडे बघायला लागले. उत्तर दारातून आलं. "चढवतात कुठे त्यांना सात मजले?" काकू म्हणाल्या. "हे दोन मजले चढायला पाव तास लागतो. दोन वर्षं झाली, रोज गुडघ्यांना तेल चोळतेय मी. कुणाला बोलायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय."

"तू गप गं," मास्तर म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

दोन वर्षं! माझा संताप संताप झाला. "दोन वर्षं तुम्ही दुसऱ्यांना वर पाठवताय? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? मी तिकडे दादाशी भांडतेय, बाई बिचाऱ्या..."

"बोललो असतो तर दादाने मला उचलून खुर्चीवर बसवला असता. खुर्चीवर बसून मी काय करू, बेबी? मला दुसरं काही येतं का?" त्यांनी वहीकडे बोट केलं. "बाईंनी फ्यूज कुठे ठेवला हा नंतरचा प्रश्न. तो त्यांच्या हातात गेलाच कसा, हा आधीचा. हे दादाला सांग. आणि पुढे लिही."

"अजून काय?"

"ज्याला गच्चीपर्यंत जिना चढवत नाही, त्याने खड्ड्यात उतरायचं नाही. मग तो कितीही जुना असो."

मी पेन खाली ठेवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. दादाचा राग आला होता, वहिनीच्या भावाचा आला होता, स्वतःचा तर आलाच होता. पण समोर बसलेल्या या हट्टी म्हाताऱ्याचा जितका आला तितका कुणाचाच नव्हता. चाळीस वर्षांत एक तरी गोष्ट वेळेवर सांगायची होती ना!

"लिही ना," मास्तर म्हणाले.

मी लिहिलं. मग डोळे पुसून कोरड्या आवाजात म्हटलं, "ते शेवटचं, कितीही जुना असो, ते दादा काढून टाकील. कायद्याच्या भाषेत बसत नाही म्हणेल."

"ते काढू देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "नाही तर टाके निघाले की मी परत उतरेन."